अँब्युलन्सला झेंडूचा हार

बर्वे काका चपला हातात घेऊन धावपट्टी चालायचे. सूर्य वर यायच्या आत, वाळू अजून गार असताना, ते एका टोकाने निघायचे आणि मान खाली घालून दुसऱ्या टोकाला जायचे. ही पट्टी शारजाच्या पुढे वाळवंटात आहे. पूर्वी तिथे छोटी विमानं उतरायची म्हणे, आता उतरत नाहीत. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथे गाडी सरळ रेषेत किती जोरात पळते ते मोजतात. शेजारी दुसरी गाडी नसते. एक गाडी, आत एक माणूस, आणि वेग मोजणारं यंत्र. वेग ताशी चारशेच्या घरात जातो. इतक्या वेगात चाकाखाली एखादा नट आला तरी टायर फुटतो, आणि टायर फुटला की गाडी कुठे जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

"डोळ्याला वाळूतला खडा दिसत नाही," काका म्हणायचे. "पायाला बोचतो."

गाडीच्या मालकांनी एकदा पट्टी साफ करायला मोठं झाडणारं वाहन आणलं. काकांनी त्याला सगळी पट्टी झाडू दिली, ड्रायव्हरला "थँक्यू" म्हटलं, मग वाकून चपला काढल्या आणि चालायला लागले. मालक घड्याळ बघत राहिले. काका परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत एक वाकडा खिळा होता. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही, खिशात टाकला. मी जवळ होते म्हणून मला दिसला.

माझी आणि त्यांची भेट दुबईत, करामात झाली. आमच्या बिल्डिंगखाली कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मी शिवणकाम करते. पँट आखूड करणं, साडीला फॉल लावणं, मुलांचे युनिफॉर्म. एक दिवस एक उंच, वाळका म्हातारा माणूस भलंमोठं बोचकं घेऊन आत आला आणि शेठला हिंदीत म्हणाला, "सबसे धीरे कौन सिलता है?"

शेठ हसला आणि माझ्याकडे बोट केलं.

बोचक्यात पॅराशूट होतं. गाडी इतक्या जोरात असताना नुसता ब्रेक दाबला तर ती घसरते, म्हणून मागच्या बाजूला पॅराशूट उघडतात, आणि ते हवेत फुगून गाडीला मागे ओढून धरतं. तिथे सगळे त्याला छत्रीच म्हणतात. तिची एक शिवण उसवली होती. मी ती शिवली. काकांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली, दोन्ही हातांनी ओढली, पुन्हा ओढली, आणि मग मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"चिपळूण."

"शनिवारी सकाळी येशील का? ही भरायला कुणीतरी शांत माणूस पाहिजे."

पुरुषांच्या घोळक्यात जायचं, मोठ्या लोकांच्या गाड्या. मी म्हटलं, "काका, माझी चौथी झालीये फक्त."

"मग? छत्रीला कुठे वाचता येतं?"

आमचे हे एका खानावळीत स्वयंपाक करतात. त्यांनी काकांशी फोनवर बोलून घेतलं आणि म्हणाले, जा, माणूस सरळ आहे. तेव्हापासून हिवाळ्यातल्या शनिवारी पहाटे बिजू मला त्याच्या पिकअपमधून न्यायला लागला. बिजू म्हणजे गाडीचा मेकॅनिक, केरळचा, करामातच राहतो. छत्री भरायचं काम काकांनीच शिकवलं. कापडाच्या घड्या निऱ्यांसारख्या सारख्या घ्यायच्या, दोऱ्या गुंतू द्यायच्या नाहीत, शेवटी पिशवी बंद करून पिन लावायची. ही पिन गाडी उभी असताना छत्री चुकून उघडू नये म्हणून. तिला लांब लाल पट्टी बांधलेली असते. गाडी सोडायच्या आधी ती काढायलाच हवी. राहिली तर चालवणाऱ्याने आतला दांडा कितीही ओढला तरी छत्री उघडणार नाही.

काका अबुधाबीकडे रुवैसला रिफायनरीत होते, फायर आणि सेफ्टीमध्ये, निवृत्त होईपर्यंत. काकू गेल्यावर मुलाकडे शारजात अल मजाजला राहायला आले. तळ्यासमोर टॉवरमध्ये घर, सून प्रेमळ, नातवंडं इंग्रजीत बोलणारी. पण काकांचं मन त्या बाल्कनीत रमत नव्हतं. तिथेच वरच्या मजल्यावर इनामदार राहायचे, शारजात मोठं काँट्रॅक्टिंग त्यांचं. त्यांच्या मुलाला, रोहनला, ह्या वेगाचं वेड, गाडी त्यांचीच. इनामदारांनी लिफ्टमध्ये काकांना सहज म्हटलं, की तुम्ही सेफ्टीतले, एकदा येऊन बघा. ते सहज म्हणणं इनामदारांना फार भारी पडलं.

मी गेले त्या पहिल्याच शनिवारी काकांनी रोहनला गाडीत बसवलं. आगीचा जाड सूट, हेल्मेट, छातीवर-कमरेवर पट्टे, मनगटांना छोटे पट्टे. ते मनगटाचे अशासाठी की गाडी उलटली तर हात बाहेर फेकले जाऊन तुटू नयेत. मग काकांनी माझ्याकडून ब्लाऊजपीसचा तुकडा मागून घेतला आणि हेल्मेटच्या काचेवर बांधला.

"आता बाहेर ये."

"काका, मला काही दिसत नाहीये."

"आग लागली की धूर असतो. दिसत नाहीच."

रोहनने छातीचे पट्टे सोडले, उठायला गेला आणि मनगटांनी आत अडकला. ते पट्टे तो विसरलाच होता. त्याचे मित्र मोबाइलवर व्हिडिओ काढत होते, ते हसायला लागले. काका त्यांच्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "हसा. तुमचा मित्र मेलाय."

मोबाइल खाली गेले. काकांनी रोहनला पुन्हा बसवलं. आणि पुन्हा. ऊन चढलं, सूटच्या आत तो घामाने भिजला, शेवटी चिडून म्हणाला, "काका, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर उचलून काढला असता. म्हणून तर सांगतोय."

त्या दिवशी गाडी पळालीच नाही. इनामदार साहेबांना ते आवडलं नाही, पण रोहनला डोळे बांधून झटक्यात बाहेर येता यायला लागलं, आणि पुढे तो ते मित्रांना स्वतःच करून दाखवायचा.

काकांनी पट्टीच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवल्या होत्या. त्यांना माझ्या दुकानातल्या उरलेल्या फॉलच्या पट्ट्या बांधलेल्या. जांभळ्या, हिरव्या, मोरपंखी. वाऱ्याचं यंत्र होतंच, पण काका म्हणायचे, यंत्र इथला वारा सांगतं, गाडी तिथे असते. बाजूने येणारा वारा ह्या गाड्यांना सगळ्यात वाईट. पट्टी काठीला लोंबत असेल तर गाडी सोडायची. फडफडली तर थांबायचं. आडवी झाली तर गाडीवर कव्हर घालून चहा प्यायचा.

एकदा इनामदारांनी दुबईहून पाहुणे आणले. टायर विकणारी मोठी मंडळी, रोहनचा खर्च उचलणार होती. तंबू, खुर्च्या, खजूर, सगळं मांडलेलं. आणि वारा सुटला. माझ्या पट्ट्या काठ्यांवर आडव्या झाल्या.

इनामदार जवळ आले. "काका, थोडासाच विंड आहे. एक रन होऊन जाऊ दे. गेस्ट निघतील मग."

"नाही."

"काका, प्लीज. त्यांना परत बोलवणं सोपं नाही."

"मग त्यांना जेवायला घाला. वरण-भात घाला."

"तुम्ही जरा समजून घ्या. तुम्ही रिटायर झालाय आता, सगळं पूर्वीसारखं कडक..."

"मी झालोय. वारा नाही झाला."

इनामदारांचा चेहरा लाल झाला. ते आवाज न चढवता म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"उद्या नाही येत," काका म्हणाले. "आज आहे."

त्यांनी तंबूतली एक घडीची खुर्ची उचलली, पट्टीच्या मधोमध नेऊन मांडली आणि तिच्यावर बसले. थर्मास सोबत होताच. झाकणात चहा ओतून घेतला, पायावर पाय टाकला आणि समोर वाळूकडे बघत बसले. गाडी सोडायची तर त्यांच्या अंगावरून सोडावी लागणार होती. पाहुण्यांतल्या कुणीतरी फोटो काढला. बिजू मला हळूच म्हणाला, "दीदी, ये बुड्ढा पागल है।" पण हसत होता.

वारा दुपारपर्यंत पडला नाही. काकाही उठले नाहीत. पाहुणे गेले. पुढच्या शनिवारी काकांना न्यायला रोहन स्वतः त्यांच्या मजल्यावर गेला. इनामदारांनी त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि काकांनीही नाही.

काकांचा सगळ्यात मोठा नियम हातांचा होता. पट्टीवर असलेला कुणीही, मेकॅनिक, अँब्युलन्सवाला, चहा देणारा, मी, काही खटकलं की दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरायचे. हात दिसले की गाडी थांबलीच पाहिजे. इंजिन बंद झाल्याशिवाय का म्हणून विचारायचं नाही. "ज्याचे हात वर, तो तेवढ्यापुरता सगळ्यांचा साहेब," ते म्हणायचे.

एकदा लांबच्या टोकाला उभ्या केलेल्या माणसाने हात वर केले. पट्टीच्या पलीकडे उंट बसलाय, तो म्हणाला. उंट तिकडे येतातच, त्याच्यासाठीच तर माणूस ठेवलेला. इंजिन बंद झालं, सगळे गेले बघायला. वाऱ्याने फुगलेली ताडपत्री निघाली. काय हसले सगळे त्याला. बिचारा खाली बघत उभा राहिला. पुढच्या शनिवारी काका करामातून गरम जिलबी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर पहिली त्याच्या हातात दिली.

"ह्याने थांबवलं ते बरोबर थांबवलं. ताडपत्री निघाली हे आपलं नशीब. आज हसलात तर उद्या खरा उंट बघूनही हा गप्प बसेल."

मी मात्र कधी हात वर केले नाहीत. खटकायचं कधीकधी, पण एवढ्या माणसांच्या नजरा आपल्यावर येणार ह्या विचारानेच हात खाली राहायचे. काकांना ते कळायचं. "काय गं सुनंदा," ते चिडवायचे, "तुझे हात खांद्याच्या वर जातच नाहीत का? दुकानात वरच्या फळीवरचं कापड कोण काढतं?"

"स्टूल घेते मी."

"इथे ठेवतो एक स्टूल."

आता एका दसऱ्याबद्दल लिहिते. हंगामाची पहिली सकाळ होती आणि इनामदार मॅडम गाडीची पूजा करायला आल्या. आपल्याकडे दसऱ्याला सायकलपासून ट्रकपर्यंत सगळ्याची पूजा होते, त्यांच्या मुलाची तर ही असली गाडी. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा जाड हार. हार त्यांनी मागच्या बाजूला, छत्रीच्या पिशवीवरून घातला, आणि देवळातून आणलेला लाल दोरा तिथेच बांधला. कुणीच काही म्हटलं नाही. आईची पूजा, कोण काय म्हणणार.

गाडी रेषेवर आली. बिजू मागे गेला, लाल दिसलं ते ओढून काढलं आणि अंगठा वर केला.

काका म्हणाले, "हाथ में दिखाओ।"

बिजूने मूठ उघडली. हातात देवळातला दोरा होता. पिन हाराखाली दबून जिथल्या तिथे होती.

काकांचे हात डोक्यावर गेले. इंजिन बंद झालं. त्या शांततेत मॅडमना काय झालं ते कळलं आणि त्या मटकन खाली बसल्या. काका त्यांच्यावर रागावले नाहीत. त्यांनी हार गाडीवरून काढला, झटकला, एकेक पाकळी वेचली.

मॅडम रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "पूजेचा हार काढू नये हो काका. अपशकुन होतो."

"वहिनी, देवाशी मी बोलतो. रागावला तर माझ्यावर रागावेल." मग ते हार घेऊन चालत अँब्युलन्सपाशी गेले आणि तिच्या पुढच्या आरशाला अडकवला. "पूजा हिची करा. आली तशी रिकामी परत जाऊ दे, एवढंच मागा."

मॅडम उठल्या आणि त्यांनी अँब्युलन्सला हळदकुंकू वाहिलं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर पेशावरचा पठाण. काहीच कळलं नाही तरी तो हात जोडून उभा राहिला. तेव्हापासून हंगामाच्या पहिल्या सकाळी हार अँब्युलन्सला घालायचा असं ठरून गेलं. आणि तेव्हापासून पिन हातात धरून काकांना आणि मला दाखवल्याशिवाय गाडी सुटली नाही. "तोंडाने सांगू नका," काका म्हणायचे. "तोंडाला घाई असते."

लोक त्यांना विचारायचे, तुम्ही एवढे कडक का, तुमच्या डोळ्यांसमोर काही झालं होतं का कधी. त्यांना गोष्ट हवी असायची. काका सांगायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "माणूस जळतो, हे कारण पुरत नाही का तुम्हाला?"

गेल्या उन्हाळ्यात, धावपट्टी बंद असताना, काका गेले. संध्याकाळी तळ्याकाठी फिरायला उतरले होते, बाकावर बसले आणि उठलेच नाहीत. मुलगा अस्थी घेऊन पुण्याला गेला. मी दुकानात एका मुलीचा युनिफॉर्म शिवत होते तेव्हा बिजूचा फोन आला. मी युनिफॉर्म पूर्ण केला. काकांना अर्धवट शिवण आवडायची नाही.

हिवाळ्यात नवे सेफ्टीवाले साहेब आले. तरुण, हुशार, हातात टॅब्लेट. वाईट माणूस नाही. मॅडमनी आणलेला हार त्यांनी अँब्युलन्सला घालू दिला, काठ्याही ठेवल्या. पट्टी गाडीतून बघितली. मी सकाळी थोडी लवकर गेले होते. चपला हातात घेऊन जेवढं जमलं तेवढं चालले. सगळं नाही जमलं.

रोहन त्या दिवशी आजवरचा सगळ्यात मोठा वेग घेणार होता. इनामदार, मॅडम, टायरवाले पाहुणे सगळे आलेले. पट्ट्या लोंबत होत्या, पण टोकं हलायला लागली होती. सगळ्यांना दिसत होतं की वेळ थोडा आहे. गाडी रेषेवर आली. बिजू मागून वाकला, सरळ झाला आणि रेडिओवर म्हणाला, "पिन आउट।"

नव्या साहेबांनी टॅब्लेटवर बोट लावलं. "ओके. यल्ला, चला."

मी गाडीच्या मागे, नेहमीच्या जागी. बिजूचे हात रिकामे होते. पिशवीजवळ लाल दिसत नव्हतं, पण त्या दसऱ्यालाही पिन हाराखाली दिसत नव्हती. मला वाटलं, काढली असेल. बिजू काय नवा आहे का. सगळे बघतायत. इंजिनचा आवाज पोटात घुसत होता. मी रोहनच्या हेल्मेटकडे बघितलं, मनगटांच्या पट्ट्यांकडे बघितलं.

माझे हात वर गेले.

आवाज थांबला. इतकी माणसं आणि सगळी माझ्याकडे बघत होती. नवे साहेब धावत आले. "काय झालं?"

"पिन दाखवली नाही."

बिजूने खिशात हात घातला आणि पिन काढली. लाल पट्टी लोंबत होती. इंजिन पुन्हा सुरू करायचं म्हणजे सगळी तयारी पुन्हा. ती होईपर्यंत माझ्या जांभळ्या, हिरव्या पट्ट्या काठ्यांवर आडव्या झाल्या. नव्या साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खलास. आज नाही." एवढं त्यांचं मला आवडलं.

इनामदार माझ्यापाशी आले. "सुनंदाताई, पिन तर निघाली होती."

"हो साहेब."

"मग?"

"मला दिसली नव्हती."

"तुम्हाला छत्री भरायला बोलावतो आम्ही. हे सगळं बघायला माणसं आहेत. निदान सॉरी तरी म्हणा, पाहुणे उभे आहेत."

माझा आवाज थरथरत होता. तो थरथरतोच, त्याला मी काही करू शकत नाही. पण मी सॉरी म्हटलं नाही. मी म्हटलं, "पुन्हा दिसली नाही तर पुन्हा हात वर करीन. तुम्हाला चालणार नसेल तर पुढच्या शनिवारपासून येत नाही. आज आहे."

इनामदार माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते बोलणं कुठलं ते आठवलं असणार. मागे मॅडम उभ्या होत्या. त्या खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रोहन गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं आणि कुणाशीच न बोलता तंबूत गेला. त्याला राग आला होता. येऊ दे. रागावलेला होता म्हणजे धडधाकट होता.

अँब्युलन्स आली तशीच रिकामी परत गेली. आरशाला हार डोलत होता.

करामात शिरल्यावर मी बिजूला मिठाईच्या दुकानापाशी थांबायला सांगितलं आणि गरम जिलबीचा पुडा घेऊन परत आले. पिकअपमध्ये बसले, पुडा मांडीवर उघडला.

"दीदी, पिन मेरी जेब में थी।"

"मालूम है।"

"सबके सामने मेरा इज्जत गया।"

"अगली बार हाथ में रखना," मी म्हटलं आणि पुडा त्याच्यापुढे धरला.

बिजूने दोन घेतल्या.